घर कशावर उभं आहे

हरेश्वरला घर दुरुस्त करण्याचा नाद नव्हता, घर रंगवण्याचा होता. हे दोन नाद वेगळे आहेत हे त्याला साठी उलटल्यावर कळलं.

सांडोरला केळीच्या वाडीत त्याचं कौलारू घर. मागे पंपाची खोली, शेजारी गोठा. गुरं केव्हाच गेली, गोठा राहिला. दरवर्षी दसऱ्याच्या आधी हरेश्वर ऑइलपेंटचा डबा घेऊन निघायचा आणि जे जे हलत नसेल त्याला रंग लावायचा. घराच्या मधोमध असलेला सागवानी खांब त्यातला मानकरी. छपराची मोठी तुळई त्याच्यावर टेकलेली, म्हणून झेंडूची माळ त्याला, हळदकुंकू त्याला आणि रंगाचे दोन हात जास्तीचे त्याला. खांब इतका चकाकायचा की पाहुणे त्यात बघून केस सारखे करायचे.

एका सकाळी त्याची बायको जिजा केळ्यांचा घड खांबाला टेकवून ठेवायला गेली आणि घडाचा दांडा खांबात शिरला.

"अहो," ती म्हणाली, "तुमचा खांब मऊ झाला."

हरेश्वरने बोट लावून बघितलं. बोट आत गेलं. आत वाळवीची माती होती आणि तिच्याभोवती रंगाचं एक भक्कम नळकांडं. लाकूड बहुधा बऱ्याच वर्षांपूर्वी निघून गेलं होतं. रंग इतका चांगला बसला होता की ते गेल्याचं कोणाला कळलंच नाही.

बांधावरून शेजारचा आग्नेल आला. त्याने स्टूल घेतलं, वर चढला आणि खांबाच्या डोक्यावरून पेपरचं पान सरकवलं. पान या बाजूने गेलं आणि त्या बाजूने बाहेर आलं.

"हरेश्वरभाऊ, खांब तुळईला लागलाच नाय."

"म्हनजे?"

"म्हनजे तुळई खांबावर नाय."

"मग घर कशावर उभं आहे?"

आग्नेल स्टुलावरून उतरला, चपला घातल्या आणि अंगणात जाऊन उभा राहिला. तिथून म्हणाला, "ते आता शोधाया पायजे."

इथून हरेश्वरचे हाल सुरू झाले. खांबावर नाही म्हणजे घर दुसऱ्या कशावर तरी उभं आहे, आणि ते काय हे कळेपर्यंत कशालाच हात लावायचा नाही, असं त्याने जाहीर केलं. भिंतीला टेकलेलं कपाट हलवायचं नाही. माळ्यावरची भांडी काढायची नाहीत. जिजाने फळीवरची लोणच्याची बरणी उचलली तेव्हा तो किंचाळलाच.

"ठेव! ठेव तिथंच!"

"बरनीवर घर उभं आहे काय?"

"माहीत नाय ना! तेच तर माहीत नाय!"

जिजाने बरणी ठेवली. मग पाच मिनिटांनी तिलाही वाटायला लागलं की ती होती तिथेच ठेवली की दोन बोटं डावीकडे. दोघं जेवायला गोठ्यात बसली, लोणच्याशिवाय.

घर पडलं तर दोघं वाचतील अशी व्यवस्था होती. दोघं दिवसभर बाहेरच असायची आणि रात्री गोठ्यात झोपायची. पण घर वाचणार नव्हतं. जुनं घर दुरुस्त केलं तर कोणी विचारत नाही. पडल्यावर नवीन बांधायचं तर परवानगी लागते, आणि ती मिळवलेला माणूस हरेश्वरच्या ओळखीत एकही नव्हता. अर्ज केलेले बरेच होते. त्यातले काही देवाघरी गेले होते. घर गेलं की जिजाचं केळी वाळवून सुकेळी करायचं काम गेलं, वाडी गेली, आणि मुलाच्या विरारच्या फ्लॅटमध्ये, हॉलमधल्या सोफ्यावर, टीव्हीच्या वेळा बघून झोपायचं. ही शक्यता डोळ्यांपुढे ठेवून हरेश्वर अंगणात खुर्ची टाकून घराकडे बघत बसला. आपण बघत असताना ते पडणार नाही, असं त्याला वाटत होतं. म्हणून मोरीत जातानाही तो जिजाला खुर्चीवर बसवून जायचा.

गावातली माणसं धीर द्यायला आली. एक म्हणाला, घर कौलांच्या वजनावर उभं आहे. दुसरा म्हणाला, सवयीवर. बाजूच्या लुसीबाईंनी प्रार्थना केली, पण कुंपणापलीकडून.

मुलगा भूपेश वालीवच्या एका वर्कशॉपमधून ट्रकचा जॅक आणि लोखंडी खांब घेऊन आला. वर्कशॉपवाला विघ्नेश त्याचा शाळेतला मित्र.

"बाबा, टेन्शन नको. तुळईखाली जॅक लावतो, थोडी उचलतो, जुना खांब काढतो, नवा घालतो. सिंपल आहे."

"सिंपल म्हनू नको," हरेश्वर म्हणाला. "घर ऐकतंय."

जॅकखाली जाड फळ्या ठेवल्या, वर सागाचा ओंडका उभा केला. भूपेशने दांडा मारायला सुरुवात केली. तुळई कण्हली. कौलांतून माती गळली. आणि स्वयंपाकघराचं दार आपोआप, हळूच, सताड उघडलं.

ते दार कित्येक वर्षं खांदा लावल्याशिवाय उघडत नव्हतं. दरवर्षी हरेश्वर म्हणायचा, सुताराला बोलावून ते तासून घेऊ, चौकटही जरा सैल करू. दरवर्षी सुतार येतो म्हणायचा आणि यायचा नाही. म्हणजे इतकी वर्षं तुळई त्या चौकटीवर बसली होती. न आलेल्या सुतारामुळे घर टिकलं होतं.

संध्याकाळपर्यंत नवा खांब उभा राहिला, पायाशी सिमेंट पडलं. दोन-तीन दिवसांत ते घट्ट झालं. आता फक्त जॅक उतरवायचा होता, म्हणजे घराचं सगळं वजन नव्या खांबावर सोडायचं होतं.

"उद्या," हरेश्वर म्हणाला.

उद्याही तो उद्याच म्हणाला. भूपेश कामावर गेला. विघ्नेशचे फोन यायला लागले: "काका, जॅक पाठवा. ट्रक पंक्चर चाकावर बसलाय. ड्रायव्हर रडतोय."

"आमचं घर बसलं तर कोन रडेल?" हरेश्वरने विचारलं आणि फोन ठेवला.

जिजा उठली. पदर खोचला, आत निघाली.

"कुठं चालली?"

"जॅक उतरवायला. भूपेशने दाखवलंय मला. खालची चावी सोडायची."

"भूपेश येऊ दे."

"त्याला फ्लॅट आहे. घर माझं आहे." ती जॅकपाशी उकिडवी बसली. "तुम्ही बाहेरच थांबा."

अंगणात आग्नेल, लुसीबाई आणि धीर देणारे आणखी दोघं उभे होते. हरेश्वरने त्यांच्याकडे बघितलं, मग दाराकडे. मग तो आत आला आणि दोन्ही हातांनी लोखंडी खांब धरून उभा राहिला.

"तो तुमच्या धरन्याने राहनार आहे काय?"

"तू चावी सोड," तो म्हणाला.

तिने चावी फिरवली. जॅक सुस्कारत खाली आला. तुळई एक बोटभर उतरली आणि खांबावर असा काही आवाज करून टेकली की दोघांनीही डोळे मिटले. थोडी माती पडली, एक पाल पडली. पाल पळाली. मग काहीच झालं नाही. दोघं बराच वेळ काहीच न होणं ऐकत राहिली.

"काय झालं?" आग्नेलने बाहेरून विचारलं.

"उभं आहे," जिजा म्हणाली. "या आत. चहा टाकते."

अंगणात कोणी हललं नाही.

"नको, इथं वारा बरा आहे," आग्नेल म्हणाला. "बाहेरच द्या."

हरेश्वरने सगळ्यांना चहा बाहेर नेऊन दिला. आपला कप घेऊन तो परत आत आला आणि तुळईखाली, जिजाच्या शेजारी, जमिनीवर बसला.