दोराची ढील

पोशेऱ्याची दिपिका जव्हारच्या आयटीआयमधून शिकून मुंबईच्या गोदीत जहाजांवर वायरलेसच्या अँटेना बसवायला लागली, तेव्हा आईने थोरल्या मंगेशलाही तिच्याबरोबर धाडलं. मोखाड्याच्या जीपमध्ये दोघांना बसवताना म्हणाली, “तिला संभाळ रे.” मंगेशने आजवर लोकांच्या शेतात भाताच्या आवणीला मजुरी केली होती, वीटभट्टीवर राबला होता. इथे तो बहिणीच्या हाताखाली दोर ओढायचा.

त्या दिवशी वारा पिसाळला होता. जहाज संध्याकाळच्या भरतीला सुटणार म्हणून मुकादम घाई करत होता. दिपिका कप्तानाच्या खोलीच्या छपरावर, कमरेचा पट्टा कठड्याला अडकवून उभी. फायबरची पांढरी अँटेना, तीन पुरुष उंच, काठीसारखी लवलवत होती. अँटेनेच्या मध्यावर बांधलेला दोर कप्पीवरून खाली मंगेशच्या हातात आला होता. अँटेनेचा बुंधा खोबणीत बसला, दिपिकाने पाना लावला, आणि तेवढ्यात शेजारून जहाजं ओढणारी एक टग बोट जोरात गेली.

लाट आली. जहाज एका बाजूला कललं. अर्धवट आवळलेला बुंधा खोबणीतून उसळला आणि अँटेना कठड्याबाहेर झुकली.

मंगेशने दोर गच्च आवळला. तळहात सोलून निघाले, तरी सोडला नाही.

“दादा, ढील दे!”

त्याने आणखी ओढला. दोर सुटला की अँटेना पोरीलाही घेऊन जाणार, असंच त्याला वाटत होतं. खालून त्याला फक्त तिचा हिरवा टोप दिसत होता.

“ताणू नको! बुंधा छातीत रुततोय माझ्या. ढील दे!”

“पडशील गं!”

“पट्टा हाय मला! सोड!”

मुकादम बाजूने ओरडला, “सोडू नको, अँटेना मोडेल!”

मंगेशने वर पाहिलं. दिपिकाचा आवाज आता घोगरा झाला होता, श्वास पुरत नव्हता तिला. त्याच्या अंगातलं सगळं बळ त्या मुठीत गोठलं होतं. डोळे मिटून त्याने मूठ उघडली.

दोर सर्रकन कप्पीतून पळाला. अँटेना कठड्यावरून घसरत खाली आली, डेकवर आपटून कडाडली. मग काहीच ऐकू येईना.

“दिपे!”

बऱ्याच वेळाने कठड्यावर एक हात दिसला. “हाय मी,” ती खोकत म्हणाली.

ती खाली उतरली तेव्हा मुकादम तिला नको नको ते बोलला. ती ऐकून घेत होती, हात छातीवर दाबून. दुसरी अँटेना गोदामातून यायची होती.

“आता तू वर चढायचं नाय,” मंगेश म्हणाला. “घरी जाऊ. नाचणीचं रान हाय, पोट भरेल.”

“मग वर कोण जाणार? तू?”

“तुला काय झालं असतं तर?”

“तू ढील दिलीस ना,” ती म्हणाली. “दुसऱ्या कुणी मुकादमाचं ऐकलं असतं.”

तिने आपल्या पिशवीतून फडकं काढलं, फाडून त्याच्या दोन्ही तळहातांना गुंडाळलं. गाठी तिने जरा जास्तच घट्ट मारल्या. तो कळवळला, पण हात मागे घेतला नाही.

दुपारी नवी अँटेना आली. या वेळी, शेजारून बोटींची ये-जा थांबल्याशिवाय काम सुरू करणार नाही, असं दिपिकाने मुकादमाला तोंडावर सांगितलं. मुकादम पुटपुटत बाजूला झाला.

ती शिडी चढायला लागली. मंगेशने दोर हातात घेतला.

“बोल गं,” तो वर ओरडला. “तू म्हणशील तसं.”