शाबासकी नाकाला

मी एका जुन्या शिकारी जातीचा कुत्रा आहे. मित्रांनो, लगेच टाळ्या पिटू नका. मी आयुष्यात एकही शिकार केलेली नाही. मी फक्त मोठा आहे. उभा राहिलो की माझी हनुवटी जेवणाच्या टेबलावर आरामात टेकते, आणि माणसांना तेवढं पुरतं. मोठं काही दिसलं की त्यांचं तोंड उघडतं आणि डोकं बंद होतं.

माझ्या पूर्वजांची गोष्ट वेगळी होती. त्या काळी रानात लांडगे होते आणि त्यांच्यामागे धावायला माणसाचे पाय अपुरे पडत. म्हणून त्याने उंच, खरखरीत केसांचे, लांब पायांचे कुत्रे पाळले. ते दुरून लांडगा हेरत, तीरासारखे सुटत आणि त्याला लोळवत. राजेलोक एकमेकांना आमच्या जोड्या नजराणा म्हणून पाठवत. मग लांडगे संपले. काम संपल्यावर माणूस कसा वागतो ते तुम्हाला माझ्याकडून कळायला नको. एवढं खाणारं जनावर पोसायचं कशाला, म्हणून त्याने आमच्याकडे पाठ फिरवली आणि आमची जात संपत आली. पुढे काही हौशी लोकांना जुनी चित्रं पाहून उमाळा आला. उरलेसुरले कुत्रे गोळा करून, त्यांत इतर थोराड जातींची भर घालून त्यांनी आम्हाला पुन्हा उभं केलं. उंची अगदी चित्रासारखी जमली. आयुष्य मात्र तोकडं राहिलं. शेजारचं टीचभर कुत्रं चौदा वर्षं भुंकतं. आम्ही सातव्या वर्षी धापा टाकायला लागतो.

माझा मालक सोफे विकतो. त्याच्या दुकानातला सगळ्यात लांब सोफा खपत नव्हता, म्हणून त्याने तो घरी आणला, आणि त्याच्यापुढे शोभेल असा कुत्रा हवा म्हणून मला आणलं. विनोद करत नाही. पाहुणे आले की तो मला सोफ्यापुढे उभा करून म्हणे, "लांडगा फाडतात ही कुत्री! चोराची काय बिशाद!" आणि एका दुपारी खरंच एक चोर आला. मी शेपूट हलवत त्याला अंगणात नेलं. तो मालकाची सायकल घेऊन निघाला, तेव्हा फाटकापर्यंत पोचवूनही आलो. आमची जात राखणीची नाहीच. आम्ही भुंकत नाही, कुणावर धावून जात नाही. जो आवडेल त्याला अंग टेकून उभं राहतो, एवढंच. पण कुत्रा घेण्याआधी त्याचा स्वभाव विचारावा, हे सोफ्याचं कापड बोटांनी चिमटून बघणाऱ्या माणसाला सुचलं नाही.

मालकीणबाई मला 'पसारा' म्हणत. "पसाऱ्याला आत घ्या, पसाऱ्याला बाहेर काढा," एवढाच आमचा संवाद. त्यांची मुलगी बरी होती, पण तिचं निम्मं आयुष्य मोबाईलमध्ये जाई.

त्या घरात माणूस म्हणावा असा एकच होता. मालकाचे वडील, म्हणजे आजोबा. त्यांनी उभा जन्म रेल्वेच्या फाटकावर काढला होता. गाडी आली की फाटक लावायचं, झेंडी दाखवायची, गाडी गेली की फाटक उघडायचं. आता त्यांना काही आठवत नसे. रोज सकाळी मला पाहून ते विचारत, "हे वासरू कुणाचं?" मुलाचं नाव विसरले, जेवल्याचं विसरले, पण हिरवी झेंडी उशाखाली ठेवायला कधी विसरले नाहीत.

संध्याकाळी ते मागच्या मोकळ्या जागेत उभे राहून झेंडी हलवत आणि मी पार कुंपणापासून धावत येई. जवळ आलो की त्यांना अंग टेकत असे. ते धडपडत, भिंतीला धरत आणि खदखदून हसत. झेंडी हिरवी आहे हे मला ऐकून माहीत. लाल आणि हिरवं आमच्या डोळ्यांना सारखंच मळकट दिसतं. मला दिसे ते तिचं हलणं. आम्ही नजरेचे शिकारी आहोत, मित्रांनो. नाक सगळ्याच कुत्र्यांना असतं, पण आमचं पोट पिढ्यान्‌पिढ्या डोळ्यांनी भरलेलं आहे. लांबवर काही हललं की आमचे पाय आमचं ऐकत नाहीत.

एके दिवशी दुकानातून नवा सोफा आला. जुना न्यायला, नवा आत घ्यायला अंगणाचं फाटक सताड उघडं होतं. केस लागतील म्हणून मला मागच्या खोलीत कोंडलं होतं. हमाल, मालक, मालकीणबाई, सगळे "जरा तिरका घ्या, कोपरा सांभाळा" करत होते. सोफ्याचा कोपरा सांभाळला गेला. आजोबा झेंडी घेऊन निघून गेले ते कुणाला दिसलंच नाही.

चहाच्या वेळी आरडाओरडा झाला. न्हाव्याकडे नाहीत, औषधाच्या दुकानात नाहीत, बागेतही नाहीत. मुलगी रडायला लागली. दिवस कलत होता. तेव्हा मालकाच्या डोक्यात प्रकाश पडला. त्याने आजोबांचा स्वेटर आणून माझ्या नाकावर दाबला.

"हुंग! शिकारी कुत्रा आहेस ना? शोध बाबांना!"

मी मान वर केली. त्याने ती खाली दाबली. रस्ताभर हेच चाललं. मला आजूबाजूला पाहायचं होतं आणि तो माझं थोबाड मातीत घासत होता. अख्खी गल्ली मागून सल्ले देत होती.

"पप्पा, त्याला मान वर तरी करू द्या," मुलगी म्हणाली.

"तू गप्प बस. नाक खाली असल्याशिवाय वास कसा लागेल?"

असे आम्ही रेल्वेच्या पुलावर पोचलो. तिथे मालकाचा फोन वाजला. गिऱ्हाईक होतं. "हो साहेब, राखाडी रंगात आहे ना, उद्या पाठवतो," तो गोड आवाजात म्हणाला. बाप हरवलेला असताना राखाडी रंग. पण त्यामुळे पट्टा सैल झाला आणि मी एकदाची मान वर केली.

दूर, रुळांच्या कडेला, पूल झाल्यापासून बंद पडलेल्या फाटकापाशी काहीतरी हलत होतं. डावीकडे, उजवीकडे. डावीकडे, उजवीकडे.

मी सुटलो. मालक तोंडावर आपटला, फोन कुठेतरी उडाला. पूल उतरलो, खडी तुडवली, आणि माझं वय माझ्या छातीत धडधडायला लागलं. मागचे पाय ओढल्यासारखे होत होते, तरी थांबलो नाही. आजोबा रुळांच्या मधोमध उभे राहून झेंडी दाखवत होते. त्यांच्या पाठीमागून गाडीची शिट्टी आली. त्यांनी मागे वळूनही पाहिलं नाही.

मी भुंकलो नाही, दातांनी ओढलंही नाही. मला जे येतं तेच केलं. सगळं वजन घालून त्यांना टेकलो. ते रुळांबाहेर खडीवर बसकण मारून पडले आणि मी त्यांच्यावर रेललो.

"अरे वासरा," ते रागावून म्हणाले, "आधी गाडी जाऊ दे, मग ये!"

गाडी धडधडत गेली. शेवटचा डबा जाईपर्यंत त्यांनी माझ्याखालून हात काढून झेंडी हलवली.  मी त्यांना उठू दिलं नाही.

मग बाकीची मंडळी धापा टाकत आली. मुलीने आजोबांना मिठी मारली. मालकाने आधी घाम पुसला, मग गल्लीकडे वळून छाती फुगवली. "बघितलंत? काय नाक आहे!"

आता दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला तो हीच गोष्ट सांगतो. माझा फोटोही तिथे लावलाय, नाकावर स्वेटर धरून काढलेला. मी मात्र त्या धावण्यानंतर धड उभा राहिलेलो नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय थकलंय, मागचे पाय गेले, या जातीचं एवढंच असतं. मी सोफ्यापुढे पडून असतो आणि मालकीणबाई मला ओलांडून जातात.

त्याचं मला काही नाही. राग आहे तो दुसऱ्याच गोष्टीचा. "ती झेंडी दिसली की बाबा परत जातील," असं म्हणून या शहाण्यांनी झेंडी कपाटावर टाकली आणि अंगणाच्या फाटकाला कुलूप लावलं. पुढचा सोफा येईल तेव्हा ते कुलूप उघडेल आणि आजोबा पुन्हा जातील. त्यांना जायला झेंडी लागत नाही. मला त्यांना शोधायला लागते.

आजोबा हल्ली खिडकीपाशी बसतात. रिकामा हात डावीकडे-उजवीकडे हलवतात आणि विचारतात, "माझी झेंडी कुठंय?" सगळे म्हणतात, "देऊ हं बाबा." कुणी देत नाही.

पूर्वी मी मागच्या पायांवर उभा राहून ती कपाटावरून सहज काढली असती. आता जमत नाही. म्हणून, मित्रांनो, मोठ्यांच्या नादी न लागता तुम्हा मुलांकडे मागतो. माझं कौतुक करू नका, फोटो तर मुळीच काढू नका. एक स्टूल घ्या, त्यावर चढा आणि ती झेंडी आजोबांच्या हातात द्या. माझे पाय गेलेत, पण मान अजून वर होते. ते कुठे आहेत एवढं मला दिसू द्या.