चादर उतरेपर्यंत

मी डिसमँटल बोलतोय. इंग्रजी क्रियापद आहे मी. तुमच्या घरात अजून आलो नसेन. येईन तेव्हा ओळख असावी.

त्र्याहत्तर साली सोलापुरात एका तरुणानं मला गिरणीच्या फिटरकडून उचललं. घरी येऊन बापाला, वीरभद्रप्पांना म्हणाला, "आप्पा, हातमाग डिसमँटल करू. तितं यंत्रमाग बसंल." मोडू म्हणाला असता तर आप्पांनी हात उगारला असता. माझ्यावर त्यांचा हात उठला नाही. मला अशाच कामांना बोलावतात.

पण त्या घराचा एक रिवाज होता. ताण्याचे उभे धागे अर्धवट विणलेले असताना माग हलवायचा नाही; वरची चादर विणून उतरली की मगच. आप्पा सावकाश विणू लागले.

माग सोडवायला ठरवलेला नबीलाल मिस्त्री पाना घेऊन रोज दारात.

"किती राह्यलं, आप्पा?"

"वीतभर."

"काल बी वीतभरच हुतं की."

"वीत माजी हाय. वाढती."

घरात नवी सून होती, करमाळ्याची विजयमाला. कामसू दिसावं म्हणून ती आडवा धागा नेणाऱ्या धोट्यात घालायच्या सुताच्या कांड्या भराभर भरायची. धोटा रिकामा राहीना. शेवटी आप्पा हळूच म्हणाले, "लई भरतीस गं. तुज्याच हातानं माग घराबाहीर चाललाय माजा."

तिचा हात तिथंच थांबला. दुसऱ्या दिवशी तिनं बोट दुखतंय म्हणून सांगितलं.

"करमाळ्यात बोटं मेणाची अस्त्यात व्हय?" सासू सावित्रम्मा म्हणाल्या, आणि स्वतःच रहाटावर बसल्या. सून आळशी निघाली हे गल्लीला कळू नये म्हणून दुपारपर्यंत टोपलीभर कांड्या. विजयमाला बघत राहिली. खरं सांगावं तर सासऱ्यांची लबाडी उघडी पडणार.

चादर संपली. नबीलालनं ती मागावरून उतरवली, आणि मला माझं मूळ आठवलं. फ्रेंचांकडं जन्मलो तेव्हा माझा अर्थ एवढाच होता: अंगावरचा झगा काढणं. मग मला किल्ल्यांचे तट पाडायला जुंपलं. तट म्हणजे किल्ल्याचा झगाच की. मी कुणाला मारत नाही. उघडं करून बाजूला होतो.

संध्याकाळपर्यंत माग सुटा होऊन भंगारवाल्याकडं गेला. यंत्रमाग बरेच दिवस आला नाही. आप्पा सकाळी उठून, विणताना बसायच्या मागाखालच्या खड्ड्यात पाय सोडून बसायचे. एक दिवस त्यांनी सुनेला विचारलं, "कांडी हाय का गं?" तिनं भरून आणून दिली.

तो खड्डा मला सुटा करून नेता आला नाही. तुमच्याकडं कुणी मला घेऊन आलं, तर आधी माझा अर्थ विचारा. मराठीत सांगायला लावा.