दीक्षाची टीम

रविवारी सकाळी खुर्सीपारच्या घरात पंचफुला भाजी निवडत होती. तिची लेक दीक्षा मोबाईलवर ऑनलाइन कोर्सच्या प्रोजेक्टचे काम करत होती. चौघांची टीम विद्यार्थ्यांनीच जमवायची होती. टीम नाही तर प्रमाणपत्र नाही, आणि त्याशिवाय नोकरीच्या मुलाखतीला बोलावणे येणार नव्हते.

परीक्षेत दीक्षा पहिली आली होती, म्हणून गुंजन नावाच्या मुलीने तिला आपणहून टीममध्ये घेतले. दोन दिवस दीक्षाने सगळी माहिती गोळा करून दिली. आज फॉर्म भरताना टीमच्या ग्रुपवर गुंजनचा मेसेज आला, "फुल नेम?"

"दीक्षा खोब्रागडे."

"खोब्रागडे मतलब? कौन लोग?"

"बौद्ध."

दहा मिनिटांनी दीक्षा ग्रुपमधून बाहेर होती. "सॉरी, टीम फुल हो गई," एवढेच उत्तर आले. तिने गोळा केलेली माहिती मात्र त्यांनी ठेवून घेतली.

दीक्षाच्या वडिलांनी, प्रेमानंदने, पोरीचा चेहरा पाहिला आणि सगळे विचारून घेतले. तो हलक्या आवाजात म्हणाला, "दुसऱ्या टीमले नुसतं दीक्षाच सांग ना. मी बी हथखोजच्या कारखान्यात वीस वर्षं आडनाव सांगतलं नाही."

"मंग तुमाले बरं वाटे का, बाबा?"

पंचफुलाने भाजी बाजूला सारली. "कावून लपवाचं? चोरी करून राहिलो का आपण? बोल तू, सगळ्याइच्या समोर बोल."

संध्याकाळच्या क्लासमध्ये बत्तीस विद्यार्थी होते. दीक्षाने कॅमेरा लावला, माईक उघडला आणि ते मेसेज एकेक करून वाचून दाखवले.

सर गडबडले. "बेटा, ये क्लास के बाद देखते हैं."

"नहीं सर. मला काढलं जात विचारून. आता सगळ्यांना ऐकू द्या."

गुंजन तेवढ्यात म्हणाली, "अरे, वापस आ जाओ ना, मजाक था."

"मैं नहीं आऊँगी. मेरा काम वापस करो."

मग साक्षी नावाच्या मुलीने कॅमेरा लावला. "सर, मी गुंजनच्या टीममधून निघते. मेसेज मीही वाचले होते आणि गप्प बसले. माझं चुकलं. मला दीक्षाच्या टीममध्ये घाला."

"पण टीम चौघांची हवी," सर म्हणाले.

"दोन जागा रिकाम्या आहेत, सर," दीक्षा म्हणाली. "ज्याला यायचं त्यानं आत्ताच सांगावं."

तीस कॅमेरे अजून बंदच होते.