उळसून टाक

पडदा तिसऱ्यांदा काळा झाला तेव्हा वासुदेवरावांनी चष्मा काढला, पंच्याच्या टोकानं काचा पुसल्या आणि पुन्हा घातला. काळोख तसाच होता. उजव्या कोपऱ्यात तेवढी ओळ उमटली होती: ही प्रत अस्सल नाही.

“मला म्हणतंय,” ते म्हणाले.

“अहो, कंप्यूटरला म्हणतंय री,” त्यांच्या पत्नी ताराबाई आतून म्हणाल्या. “तुमचं त्याला अजून कळलेलं नाही.”

यंत्र सरगूरच्या शेषगिरीकडचं. तो तिथं लग्नपत्रिका छापायचा. दुकान बंद करताना त्यानं ते वासुदेवरावांना विकलं. हा कंप्यूटर एकदा बसच्या टपावरून पडला होता आणि पडता पडताही त्यानं एक पत्रिका पुरी केली होती, असं शेषगिरी शपथेवर सांगे. आतली सिस्टिम चोरीची आहे, एवढं सांगायचं मात्र राहून गेलं. आता ते यंत्र तेरा मिनिटं चाले आणि मान टाकी.

त्या तेरा-तेरा मिनिटांत वासुदेवराव दोन वर्षं शब्द टिपत होते. चार पिढ्या म्हैसुरात राहून त्यांच्या घराण्याची मराठी कन्नडात चांगली मुरली होती, आणि ती बोलणारी माणसं एकेक करून कमी होत होती. ‘घरमातू’, म्हणजे घरची बोली, अशा नावाच्या फाइलीत एक हजार दोनशे सात शब्द जमले होते. कागदावर एकही नव्हता. ज्यांना विचारून ते घेतले, त्यांतले बरेच आता विचारायला उरले नव्हते.

म्हणून शनिवारी सकाळी वरच्या मजल्यावरची अदिती खाली आली. गेल्या वर्षी नाशिकहून नोकरीसाठी आलेली ही मुलगी दिवसभर कंप्यूटरशीच बोलायची. तिच्या हातात नखाएवढा पेनड्राइव्ह होता.

“यात नवी सिस्टिम आहे, काका. फुकट आहे, पण चोरीची नाही.”

“फुकट, आणि चोरीची नाही? असं म्हैसुरात फक्त ऊन मिळतं.”

अदिती हसली आणि खुर्चीत बसली. थोड्याच वेळात तिचं हसू मावळलं.

“काका, फाइलींत व्हायरस बुजबुजलेत. सगळं पुसावं लागेल. काय ठेवायचं ते नावानिशी सांगा. तेवढंच तपासून बाहेर काढते. ह्या पत्रिका?”

“अळसून टाक.”

“म्हणजे?”

“पुसून टाक, अम्मा. कन्नडातलं अळिसु. आम्ही त्याला मराठी शेपूट लावतो.”

“आणि हे देवांचे फोटो?”

“देव शेषगिरीचे आहेत. ते पण अळसून टाक.”

तेवढ्यात फाटकाशी नारळवाल्याची हाक आली. वासुदेवराव बाहेर गेले. नारळ कानाशी धरून हलवायचा आणि आतल्या पाण्यावरून झाडाचं वय सांगायचं, हा त्यांचा जुना नाद होता. नारळवाला बिचारा दर शनिवारी तो ऐकून घेई. ते सतराव्या वर्षापर्यंत पोचले होते, तोच खिडकीतून अदितीनं विचारलं,

“काका, ‘घरमातू’ नावाचं एक आहे. त्याचं काय करू?”

“उळसून टाक!” त्यांनी नारळ हलवत ओरडून सांगितलं. “आधी तेच उळसून टाक!”

ते आत आले तेव्हा पडद्यावर निळी पट्टी निम्म्यावर सरकली होती. यंत्र कुरकुरत नव्हतं, तापलं नव्हतं. वासुदेवराव खूश झाले.

“घरमातू कुठं ठेवलंस?”

अदितीनं मान वळवली. “तुम्हीच म्हणालात ना काका, अळसून टाक म्हणून.”

“अय्यो, अळसून नव्हे! उळसून! उळिसु! राखून ठेव!”

“मग ‘टाक’ का म्हणालात?”

चार पिढ्यांत हे कुणी विचारलं नव्हतं. वासुदेवरावांनी हातातला नारळ कीबोर्डवर ठेवला, मग उचलून मांडीवर घेतला. पट्टी सरकतच होती.

“थांबवता येईल?”

“आता थांबवून उपयोग नाही, काका. त्या जागेवरच नवं लिहिलं गेलंय.” अदितीचा आवाज बारीक झाला. “एकदा उठून विचारायला हवं होतं मी.”

“तुझी चूक नाही गं पोरी, मगा,” ते म्हणाले आणि नारळाच्या शेंडीची एकेक दशी उपटू लागले.

ताराबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी ओले हात पदराला पुसले आणि आत जाऊन मोबाइल घेऊन आल्या.

“रागावणार नसाल तर दाखवते.”

“काय?”

“आधी रागावणार नाही म्हणा.”

“आयतु, बरं, नाही रागावत!”

ताराबाईंनी मोबाइल अदितीच्या हातात दिला. त्यात पडद्याचे फोटो होते, शेकड्यांनी. काही वाकडे, काहींत वासुदेवरावांचं टक्कल आलेलं, पण शब्द वाचता येत होते. बेट्टदपुरच्या नणंदेला, तुळसीला, ताराबाई रोज संध्याकाळी त्या दिवसाचं पान पाठवत होत्या.

“सगळं आहे, काका!” अदिती जवळजवळ किंचाळली. “मी आजच टाइप करायला बसते.”

“मी काशीला गेले तेव्हाचे नऊ दिवस नाहीत,” ताराबाई म्हणाल्या.

वासुदेवरावांनी इतका मोठा श्वास सोडला की भिंतीवरचं कॅलेंडर हललं. मग त्यांच्या कपाळाला आठी पडली.

“यात रागावण्यासारखं काय आहे?”

ताराबाईंनी एका फोटोखालचा निरोप लावला. तुळसीचा आवाज खोलीभर झाला.

“वहिनी, ‘बागलझोप’? नको तो पाहुणा बागिलापाशी, दाराशी, आला की लागणारी झोप? आपल्या आज्जीनं असं कधी म्हटलं नाही. अण्णानं घरी बसून केलाय हा. त्याला सांगू नको हं, फुगेल.”

अदितीनं खाली पाहिलं. वासुदेवराव खाकरले.

“असे किती धरलेत तिनं?”

“साठ.”

“त्यातले वीस खरे आहेत,” ते म्हणाले.

“हा पण ऐका,” म्हणत ताराबाईंनी पुढचा निरोप लावला. तो तीन महिन्यांनंतरचा होता.

“वहिनी, काल फोन उचलला नाही, रागावू नको. शेजारची सुप्रीता आली होती चुगल्या घेऊन, मग मी बागलझोप घेतली. तर ती खिडकीतून काय म्हणते? ‘तुळसम्मा, बागलझोप साकु, एळी!’ पुरे, ऊठ म्हणे! तिला कोणी शिकवला गं हा शब्द?”

वासुदेवरावांनी तो निरोप पुन्हा लावायला सांगितला. मग आणखी एकदा.

दुपारी नवी सिस्टिम सुरू झाली. तेरा मिनिटं झाली, वीस झाली, पडदा उजळच राहिला. अदिती बाजूला बसून पहिल्या फोटोपासून शब्द वाचून दाखवणार होती, पण वासुदेवरावांनी तिला हातानं थांबवलं आणि स्वतःच एकेक अक्षर दाबत ‘बागलझोप’ टाइप केलं. अर्थ लिहिला. शब्द कुणाकडून मिळाला, हे शेवटच्या रकान्यात लिहायची त्यांची पद्धत होती. तिथं त्यांनी सवयीनं ‘आज्जी’ लिहिलं. मग ते खोडलं आणि लिहिलं: तुळसी, बेट्टदपुर.