नामाच्या गोळ्या

बसवंतने अकरावा मासा गाळणीत उचलला आणि बाकीच्यांशेजारी हौदाच्या काठावर ठेवला. बारावा अजून जिवंत होता. पाइपातून धार पडते त्या जागी तोंड वर काढून आ वासत होता.

सोमवार, सकाळचे आठ वाजले होते. दहाला तपासणी.

निलंग्याच्या अलीकडे, रस्त्याला लागूनच हा गूळ पावडरचा कारखाना. कढया खंगाळलेलं, फरशा धुतलेलं सगळं पाणी बसवंतकडे यायचं आणि चार टाक्यांतून निवळत शेवटी या हौदात पडायचं. नऊ हंगाम तो हेच करत आला होता. यंदा मालकांनी सरकारच्या ताऱ्यांच्या योजनेत अर्ज भरला. सक्ती कुणाची नव्हती. ज्याला आपल्या पाण्याची, धुराची खात्री असेल त्यानं आपणहून पुढं यायचं. सरकार तपासणार आणि एक ते पाच तारे देणार. बसवंतला ही रीत फार आवडली होती. कीर्तनाला तरी कोण आवतण देतं? ज्याला ओढ, तो जाऊन बसतो. हौदात मासे सोडायची कल्पनाही त्याचीच. कागद काय बी बोलंल, तो म्हणाला होता, मासा जगला तर पाणी खरं.

मॅनेजर विनोदराव मोटारीतून उतरले ते प्लॅस्टिकचा कॅन घेऊनच. रात्रपाळीवाल्यानं त्यांना पहाटेच फोन केला होता. काठावरची रांग पाहून ते म्हणाले, की नऊ वर्षं ज्या पाण्याचं कौतुक ऐकलं त्याचा आज निकाल लागला. कॅनमध्ये तळ्यातले बारा मासे होते. जुने पुरायचे, नवे सोडायचे, काम खलास.

"मासे काय बोलून दाखवणार हायत का?"

"मासे न्हाई बोलत साहेब. मी बोलीन ना."

विनोदराव कॅन तिथंच ठेवून ऑफिसात गेले.

बसवंतने बाही वर सारून हात हौदाच्या तळाशी घातला. वर आला तो मूठभर पांढुरका चिकट लगदा. त्याने वास घेतला. आंबलेली कणीक.

क्षणभर त्याचा जीव हलका झाला. पाणी नव्हे, पाण्यानं मारलं नव्हतं. आणि लगेच त्याला आपली बायको गुरम्मा आठवली.

गावात शिवनाम सप्ताह बसला होता, कालच काल्याचं कीर्तन होऊन उठला. सप्ताहात बायका रोज नाम घेत कणकेच्या एकशेआठ गोळ्या वळायच्या आणि वाहत्या पाण्यात माशांना टाकायच्या. ओढा यंदा माघातच आटला. तेव्हा गुरम्माच म्हणाली, तुमच्या हौदात मासे हायत की. बसवंतनेच विनोदरावांची परवानगी काढली, फाटक उघडून दिलं. चाळीस बायका, सात दिवस. लेक अंबिका नांदेडला नर्सिंगच्या शेवटच्या परीक्षेला बसली होती. तिच्यासाठी गुरम्मानं एकशेआठ गोळ्यांच्या दोन खेपा जास्तीच्या टाकल्या होत्या.

काल कीर्तनात महाराज लग्नातल्या पंगतीवरून बोलता बोलता म्हणाले होते, वाढणाऱ्याचा हात सगळ्यांना दिसतो, जेवणाऱ्याचं पोट कुणी बघत न्हाई. मांडव हसला. गुरम्मासुद्धा हसली होती, पदर तोंडाला लावून.

दहाच्या सुमारास तपासणीच्या तनुजा मॅडम आल्या. गुरम्मा कारखान्यात झाडलोट करायची. ती फाटकाजवळ झाडू घेऊन उभी होती. मॅडमनी धुराडं पाहिलं, राखेचा ढीग पाहिला, मग हौदाशी आल्या. काठावर अकरा मासे तसेच होते. कॅन झाकलेला होता. विनोदराव दुसरीकडे बघत होते.

मॅडमनी यंत्राची कांडी आधी पाइपाच्या धारेखाली धरली, मग हौदात बुडवली. दोनदा.

"येणारं पाणी उत्तम आहे," त्या म्हणाल्या. "हौदातल्या पाण्यात मात्र प्राणवायू जवळजवळ नाही. यात काय पडलं?"

बसवंतने फाटकाकडे पाहिलं नाही.

"कणीक, मॅडम. मासे म्हणून कौतुकानं मीच टाकत गेलो. लई झाली."

"एवढी? एकट्याने?"

"हाव."

मॅडमनी तळाचा लगदा काडीने हलवून पाहिला आणि वहीत काहीतरी लिहिलं. जाताना म्हणाल्या, की हौद धुवा, वाचलेल्याला धारेखालीच राहू द्या, निकाल महिन्याने कळेल. मोटार गेल्यावर विनोदराव म्हणाले, की बक्षिसासाठी अर्ज भरून स्वतःचाच कान पिळून घेणारा कारखाना उभ्या मराठवाड्यात हा एकच असेल. एक तारा तरी गेलाच समज. पण कॅन त्यांनी स्वतःच उचलून हौदाजवळ आणून दिला.

त्या दिवशी हौद उपसायला गुरम्मा आली. तळ घासला, बादल्या भरून दिल्या. आठवडाभर तिनं कणकेच्या गोळ्यांचा विषय काढला नाही. बसवंतला वाटलं, बरं झालं, तिला काही कळलं नाही.

पुढच्या सोमवारी उन्हं वर आल्यावर ती हौदाशी आली. नव्या बारा माशांत जुना एक मिसळला होता, पण तो अजून धारेखालीच असायचा. गुरम्मानं पदराची गाठ सोडली. आत कणकेची एकच गोळी होती, हरभऱ्याएवढी. ती तळहातावर घेऊन तिनं नवऱ्यापुढं धरली.

"सोमवारच्या दिवशी खोटं बोललात," ती म्हणाली. "एवढी चालंल का?"

बसवंतने गोळीकडे पाहिलं, मग धारेखालच्या माशाकडे.

"निम्मी."

तिनं गोळी मोडली, अर्धी परत पदरात बांधली, आणि ओठ हलवत उरलेली पाण्यात सोडली. मग दोघंही वाकून तो मासा ती खातो का ते बघत राहिले.