चोविसावी काडी

पहिलीच पोळी वळताना मधोमध तडकली. सिस्टरनी ती बाजूला ठेवली, दुसरीला ओल्या फडक्याखाली आणखी अर्धा मिनिट राहू दिलं आणि मगच हात लावला. टाकोची मक्याची पोळी थंड असली की हट्टाला पेटते, वाफ लागली की म्हणाल तशी वळते. हे त्यांना हॉस्पिटलच्या कँटीनमधल्या स्वयंपाक्याने शिकवलं होतं, बावीस वर्षांपूर्वी, आणि त्याच दमात 'अति घाई संकटात नेई' हेही ऐकवलं होतं.

दुसरी नीट वळली. उकडून तंतू तंतू केलेलं चिकन, परतलेला कांदा, जिरं, तिखट, वर किसलेलं चीज. सारण बोटभर जाडीचं, जास्त नाही. घट्ट गुंडाळी केली आणि ती सुटू नये म्हणून कडेला टूथपिकची काडी आरपार खोचली.

"एक," सिस्टर म्हणाल्या.

मोठ्याने मोजायची सवय ऑपरेशन थिएटरची, एकतीस वर्षांची. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली तरी शेजारीपाजारी त्यांना सिस्टरच म्हणत आणि सवयही गेली नव्हती. ऑपरेशनआधी रक्त टिपायचे गॉजचे तुकडे, सुया, चिमटे मोजायचे, शेवटी पुन्हा मोजायचे. आकडा जुळला की सिस्टरनी सगळ्यांना ऐकू जाईल असं 'मोजणी बरोबर' म्हणायचं, मगच डॉक्टर पोट शिवायला घेणार. जुळला नाही तर खोलीतून कुणी हलायचं नाही, भले मोठ्या डॉक्टरांच्या घरी पाहुणे ताटकळत बसलेले असोत. एकदा एका नव्या नर्सने सगळे वैतागलेले पाहून 'सापडलं' म्हणून टाकलं. सिस्टर एवढंच म्हणाल्या, "दाखव." तिच्याकडे दाखवायला काही नव्हतं. गॉज आतड्यामागे दडलेला निघाला. तेव्हापासून त्यांच्या थिएटरमध्ये तोंडी सापडलेलं सापडलं धरत नसत.

घरात हा नियम टाकोंना लागू झाला तो लेकीमुळे. ती सहा वर्षांची असताना तळलेल्या टाकोत राहिलेली काडी तिच्या टाळूला टोचली होती. त्या दिवसापासून काड्या मोजून लावायच्या, तळून झाल्यावर मोजून काढायच्या आणि बशीत ठेवायच्या. लेक खुर्चीवर उभी राहून गंभीर चेहऱ्याने 'मोजणी बरोबर' जाहीर करी, तोवर कुणी घास घ्यायचा नाही. तिचा बाप एखादा टाको चोरून तोंडात टाकी आणि दर वेळी पकडला जाई, कारण चोरी केली की त्याला खोकला येई.

आता बाप नव्हता आणि लेक चार महिन्यांपूर्वी शहराच्या दुसऱ्या टोकाला, स्वतःच्या भाड्याच्या खोलीत राहायला गेली होती. भांडण झालं नव्हतं. झालं असतं तर सिस्टरना बरं वाटलं असतं, भांडण निदान मिटवता येतं. शनिवारी येते म्हणायची आणि शनिवारी नेमकं काहीतरी निघायचं. आज मात्र पाच वाजता नक्की येणार होती. सिस्टरनी सकाळीच चिकन उकडून ठेवलं होतं आणि दोन ताटं पुसून टेबलावर मांडली होती.

चोवीस टाको झाले. जोडाची बाजू खाली धरून चार-चार करत कडक तेलात सोडले, सोनेरी झाल्यावर तारेच्या जाळीवर निथळत ठेवले. मग काड्या काढून बशीत टाकल्या. चोवीस. पुन्हा मोजल्या. चोवीसच.

लेक आली ती घोड्यावर बसूनच. खांद्यावरची पिशवीसुद्धा उतरवली नाही. गाडी खाली थांबलीय, मैत्रिणी यायच्यात, खोली आवरायचीय, असं सगळं दारातच सांगून झालं. वासाने आत आली, एक टाको उभ्याउभ्या खाल्ला, बोटं चाटली. बस म्हणावं की नको, हे सिस्टर ठरवेपर्यंत ती म्हणाली, बारा डब्यात दे, त्यांनाही आवडतील. सिस्टरनी डबा भरला आणि बजावलं, झाकण घट्ट लावू नकोस, वाफेनं मऊ पडतात. माहितीय गं, म्हणत लेक जिना उतरूनही गेली. ती सात मिनिटं थांबली होती.

उरले अकरा टाको आणि दोन ताटं. सिस्टरनी एक टाको मोडला, छान कुरकुरीत झाला होता, पण खाववेना. पाऊण तास त्या तशाच बसून राहिल्या. त्यांना एकटं वाटत होतं, फार वाटत होतं, आणि असलं काही कुणाला सांगायची त्यांना सवय नव्हती. समोर काड्यांची बशी होती. त्यांनी हात पुसले आणि फोन लावला.

"अगं, एक काडी कमी भरतेय."

चोराच्या मनात चांदणं. लेकीने काही विचारायच्या आधीच त्या पुढे बोलत सुटल्या. माझे अकराही उघडून पाहिले, ओट्यावर नाही, तेलात नाही, फरशीवर नाही, तुझ्याच डब्यात गेली असणार, आधी बघ, मगच कुणाला खायला दे. एकतीस वर्षांत त्यांनी चुकीचा आकडा एकदाही सांगितला नव्हता. सांगायला तो इतका सोपा असतो हे त्यांना आज कळलं.



"तुझी मोजणी चुकली?" लेकीने विचारलं.

"वय झालं आता."

"थांब, बघते. फोन ठेवू नकोस."

सिस्टरनी खुर्ची जवळ ओढली. डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज आला, मग पहिला टाको मोडल्याचा. एक, नाही. दोन, नाही. टाको मोडताना म्हणावा तसा कुडुम आवाज येत नव्हता. झाकण घट्ट लावलंस वाटतं, सिस्टरनी विचारलंच. उंटावरून शेळ्या हाकू नकोस, मला काम करू दे, लेक म्हणाली आणि दोघी हसल्या.

मधल्या वेळात लेक बोलत राहिली. खोलीतला नळ गळतो. वरच्या मजल्यावरचा माणूस पहाटे खुर्च्या ओढतो. कामावर तिची जेवणाची सुट्टी सगळ्यांच्या नंतर, म्हणून जेवते एकटीच. सिस्टरनी नळाचा वायसर बदलायला सांगितला. बाबा सुतळी गुंडाळायचे आणि नळ आणखी गळायचा, लेक म्हणाली. मग बाबांचा चोरटा खोकलाही निघाला. एवढं त्या दोघी चार महिन्यांत बोलल्या नव्हत्या.

लेकीच्या मागे कुणाचा आवाज नव्हता. नुसता फ्रिज घरघरत होता.

"मैत्रिणी आल्या नाहीत अजून?"

"येतील," लेक म्हणाली आणि आठवा मोडला.

सिस्टरनी पुढे विचारलं नाही. आज खोटं बोलल्याबद्दल दुसऱ्याचा कान धरायला त्यांना तोंड नव्हतं.

नऊ. दहा. अकरा, नाही. आता एकच राहिला होता. तो सावकाश मोडावा म्हणून सिस्टर काहीतरी विचारणार होत्या, पण ऐन वेळी काही सुचेना.

"सापडली," लेक म्हणाली.

सिस्टरनी बशीकडे पाहिलं. चोवीस काड्या तेलाने चमकत होत्या. 'दाखव' हा शब्द सवयीने ओठांवर आला आणि त्यांनी तो गिळला. घरी जायची घाई झालेलाच 'सापडलं' म्हणतो, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत होतं? पोरीला फोन ठेवायचा असेल तर ठेवू द्यावा.

"मोजणी बरोबर," त्या म्हणाल्या.

"अशी कशी बरोबर? दाखव म्हणाली नाहीस."

सिस्टरनी बशी जरा दूर सरकवली.

"तोंडी सापडलेलं धरायचं नाही ना? उद्या डबा परत आणते, काडीसकट. बशीत ठेवली की मग मोज. आणि हे सगळे मऊ पडलेत गं. काय करू?"

"कोरड्या तव्यावर टाक. मंद आचेवर. पुन्हा कडक होतात."

"बरं."

फोन ठेवल्यावर सिस्टरनी उरलेले टाको जाळीवर नीट मांडले. दुसरं ताट उचलायला हात गेला होता, तो मागे घेतला. मग बशी पुढ्यात ओढली, त्यातली एक काडी उचलून कचऱ्याच्या डब्यात टाकली आणि उरलेल्या बोटाने एकेक सरकवत मोजल्या.

"तेवीस," त्या मोठ्याने म्हणाल्या.